टेक्सासहून न्यू जर्सीला राहायला जाताना घरातलं पिस्तूल आणि रायफल सोबत नेता येतात का?

तुम्ही लिहिलंय त्यानुसार: फ्रिस्कोहून एडिसनला बदली, दोघांकडे ग्रीन कार्ड, घरात एक ग्लॉक १९ पिस्तूल, एक एआर-१५ रायफल आणि मुलीची छऱ्यांची बंदूक. 'सगळं टेक्सासमध्ये रजिस्टर्ड आहे, माझ्याकडे कॅरी परवानाही आहे, मग फक्त पत्ता बदलून घ्यायचा का?' असा प्रश्न.

पिस्तूल आणता येईल, पण त्यासोबत आलेली मॅगझिनं (गोळ्या भरायचे निघणारे कप्पे) नाही. एआर-१५ आणू नका. छऱ्यांची बंदूक इथे खेळणं नाही, कायद्याने बंदूकच आहे. टेक्सासच्या कॅरी परवान्याला, म्हणजे पिस्तूल जवळ घेऊन फिरण्याच्या परवान्याला, न्यू जर्सीत काही किंमत नाही. आणि तुमचं काहीही कुठेही 'रजिस्टर्ड' नाही.

मी वकील नाही. नेमबाजीचा शौक आहे, ह्यूस्टनला बरीच वर्षं काढून मध्य जर्सीत आलो, ग्रीन कार्डवरूनच नागरिक झालो. त्यामुळे हा रस्ता माहितीचा आहे.

आधी त्या रजिस्टर्डबद्दल. दुकानात तुम्ही जो ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरला तो डीलरच्या फायलीत राहतो. त्यावरून तुमची पार्श्वभूमी तपासली गेली, एवढंच. टेक्सासमध्ये बंदुकांची सरकारी नोंदवही नाही, त्यामुळे ट्रान्स्फर करण्यासारखं काही नाही. आपल्याकडे साताऱ्या-कोल्हापुरात ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे, त्यांना परवान्यावर हत्याराचा नंबर, पोलिसांची चौकशी, निवडणूक आली की ठाण्यात जमा करणं हे सगळं ठाऊक असतं. न्यू जर्सी त्या पद्धतीच्या बरीच जवळ आहे. (निवडणुकीला जमा करावी लागत नाही, एवढं सुख.)

दोन राज्यांतला खरा फरक परवान्यांच्या संख्येचा नाही. टेक्सासमध्ये बाळगणं हा नियम आणि बंदी हा अपवाद. २०२१च्या सप्टेंबरपासून तर तिथे बहुतेक प्रौढांना परवान्याशिवायही पिस्तूल कंबरेला लावता येतं. न्यू जर्सीत उलट. कॅरी परवाना नसताना पिस्तूल जवळ असणं हाच मुळात गुन्हा, आणि मग कलमात सवलती दिल्या आहेत: स्वतःच्या घरात चालेल, घरातून रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) नेताना चालेल, दुरुस्तीला नेताना चालेल, एका घरातून दुसऱ्या घरात सामान हलवताना चालेल. सवलतीच्या चौकटीत तुम्ही बसता हे दाखवण्याची वेळ तुमच्यावर येऊ शकते. हा गुन्हा दुसऱ्या श्रेणीचा आहे आणि ग्रेव्हज कायद्याखाली साधारणपणे साडेतीन वर्षं पॅरोलशिवाय आत काढावी लागतात. आधी कधी सिग्नलही तोडला नसेल, तरी.

हे पुस्तकी वाटत असेल तर एक प्रकरण सांगतो. कोलोरॅडोहून न्यू जर्सीला राहायला आलेल्या एका तरुणाच्या गाडीच्या ट्रंकमध्ये २००९ साली पोलिसांना पिस्तुलं सापडली. रिकामी, पॅक केलेली, कोलोरॅडोत रीतसर घेतलेली. त्याचं म्हणणं, मी घर बदलतोय. न्यायाधीशांनी ज्युरीला त्या सवलतीचा विचारच करू दिला नाही आणि २०१० मध्ये त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी डिसेंबरात गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी यांनी शिक्षा कमी केली म्हणून तो सुटला. दुसरं प्रकरण फिलाडेल्फियाच्या एका आईचं. तिच्याकडे पेनसिल्व्हेनियाचा कॅरी परवाना होता. २०१३ मध्ये अटलांटिक सिटीच्या बाजूला गाडी थांबवली, तेव्हा तिने स्वतःहून अधिकाऱ्याला सांगितलं की पर्समध्ये पिस्तूल आहे. अटक. तिला २०१५ मध्ये ख्रिस्टींकडून माफी मिळाली. दोन्ही नागरिक होते, दोघांमागे वर्तमानपत्रं उभी राहिली, आणि दोघांना शेवटी गव्हर्नरच्या सहीची गरज पडली.

आणि तुम्ही नागरिक नाही. माझ्या मते तुमच्या प्रश्नात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तुम्ही ती ओझरती लिहिलीत. इमिग्रेशन कायद्यात बंदुकीच्या गुन्ह्यासाठी वेगळं कलम आहे: बेकायदा बाळगणं, जवळ वागवणं, विकणं, यांपैकी कशातही दोषी ठरलात तर ग्रीन कार्ड असूनही देशाबाहेर काढता येतं. गोळी झाडली की नाही, कुणाला इजा झाली की नाही, याच्याशी संबंध नाही. वकिलाने 'तुरुंग टळतोय, गुन्हा कबूल करून टाका' असा सल्ला दिला आणि तो नागरिकासाठी अगदी शहाणपणाचा असला, तरी तुमच्यासाठी तोच सल्ला मुंबईचं एकेरी तिकीट ठरू शकतो. म्हणून 'बघू, कोण तपासतंय' हा हिशोब शेजारच्या घरातल्या अमेरिकन माणसाचा वेगळा आणि तुमचा वेगळा.

याच ओघात, हे उत्तर वाचणाऱ्या एच-१बी, एल-१, एच-४, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावाल्यांसाठी. तुम्हाला बंदूक किंवा गोळी जवळ ठेवायला फेडरल कायद्यानेच मनाई आहे. राज्य टेक्सास असो की न्यू जर्सी. शिकारीचा वैध परवाना असेल तर अपवाद मिळतो, आणि टेक्सासमध्ये कित्येक देसी मंडळी तेवढ्यासाठीच तो काढतात. पण तिथला शिकारीचा परवाना ३१ ऑगस्टला संपतो. घर हलवायच्या गडबडीत तो संपला आणि कपाटात पिस्तूल राहिलं, तर तो फेडरल गुन्हा, कमाल शिक्षा पंधरा वर्षं. पुण्याहून आलेल्या आईवडिलांना, एच-१बीवरच्या मेव्हण्याला हौसेनं रेंजवर नेऊन हातात पिस्तूल देणंही याच कलमात बसू शकतं. फोटो तर काढूच नका.

आता एकेका वस्तूचं बघू.

एआर-१५. न्यू जर्सीने १९९० मध्ये 'असॉल्ट फायरआर्म' म्हणून जी यादी केली त्यात कोल्टची एआर-१५ नावानिशी आहे, आणि तिच्यासारख्या इतर रायफली वैशिष्ट्यांवरून मोजल्या जातात: मॅगझिन निघतं का, पिस्तुलासारखी मूठ आहे का, दस्ता लांब-आखूड होतो का, नळीच्या टोकाला आटे आहेत का. टेक्सासच्या दुकानातून घेतलेली साधी एआर बहुतेक वेळा या मोजमापात सापडतेच. २०२४ मध्ये एका फेडरल न्यायाधीशाने कोल्ट एआर-१५वरची बंदी घटनाबाह्य ठरवली, पण निकालाला स्थगिती मिळून प्रकरण अपिलात गेलं. ग्रीन कार्डवाल्याने अशा अपिलाच्या भरवशावर रायफल गाडीत टाकू नये. निघण्याआधी विका. आधी यासाठी म्हणतो की टेक्सासचे रहिवासी असेपर्यंत तुम्ही टेक्सासमधल्या मित्राला ती सरळ विकू शकता. एकदा जर्सीचे रहिवासी झालात की दोन राज्यांतला खाजगी व्यवहार होतो, आणि फेडरल कायद्याने तो परवानाधारक डीलरमार्फतच करावा लागतो. सायलेन्सर असेल तर तोही तिकडेच. फेडरल मंजुरी असली तरी इथे तो चालत नाही.

ग्लॉक १९ सोबत पंधरा गोळ्यांची मॅगझिनं येतात. २०१८ पासून इथली मर्यादा दहा. बंदूक कायदेशीर आणि मॅगझिन बेकायदेशीर अशी परिस्थिती नवख्याच्या डोक्यात पटकन शिरत नाही, पण प्रत्येक मॅगझिन हा स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो. दहावाली दोन-तीन टेक्सासमध्येच घ्या, पंधरावाली तिथेच देऊन टाका. पोकळ टोकाच्या गोळ्या, ज्यांना सगळे हॉलो पॉइंट म्हणतात, त्या घरात ठेवता येतात, पण घराबाहेर त्या जवळ असण्याला इथे बरीच बंधनं आहेत. जाण्याआधी रेंजवर संपवा. पॅकर्स-मूव्हर्स तसेही गोळ्या नेत नाहीत, आणि बरेच जण बंदूकही नाकारतात.

मुलीची छऱ्यांची बंदूक. टेक्सासमध्ये ती मासे पकडायच्या गळाशेजारी फळीवर मिळते. न्यू जर्सीच्या व्याख्येत हवेच्या आणि स्प्रिंगच्या बंदुकाही 'फायरआर्म' आहेत, त्यामुळे ती घ्यायलाही ओळखपत्र लागतं. तीही मागे ठेवा. मुलीला नेमबाजी आवडत असेल तर इथे चांगले क्लब आहेत, तिथे शिकवा. आणि भरलेलं पिस्तूल कुलपाबाहेर राहून सोळा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं तर तोही गुन्हा आहे, हे ध्यानात असू द्या.

प्रवास. १९८६च्या फेडरल कायद्यात वाटेतल्या राज्यांसाठी संरक्षण आहे: हत्यार रिकामं, गोळ्या आणि हत्यार दोन्ही प्रवाशांच्या हाताशी नसलेलं, म्हणजे ट्रंकमध्ये, एसयूव्हीला वेगळा ट्रंक नसेल तर कुलपाच्या पेटीत, आणि ती पेटी म्हणजे ग्लव्ह कंपार्टमेंट किंवा सीटमधला कप्पा नव्हे. पण अट अशी की निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या दोन्ही ठिकाणी ते हत्यार तुम्हाला कायदेशीर असलं पाहिजे. म्हणजे एआर आणि पंधराच्या मॅगझिनला हे छत्र नाहीच.

गाडीने येणार असाल तर लिटल रॉक, मेम्फिस, नॉक्सव्हिल, मग आय-८१ महामार्ग धरून व्हर्जिनिया, आणि हॅरिसबर्गहून आय-७८ने आत. या रस्त्यावर मेरीलँड जेमतेम दहा-बारा मैल लागतं आणि वॉशिंग्टन-बाल्टिमोर टळतं. शेवटचा मुक्काम पेनसिल्व्हेनियात करा, म्हणजे जर्सीत शिरल्यावर कुठे न रेंगाळता थेट नव्या घरी. किल्ली हातात नसताना, चार दिवस मित्राकडे राहू म्हणून पिस्तुलासह येऊ नका. 'माझं घर' ही सवलत मित्राच्या सोफ्याला लागू होईलच असं नाही. भाडेकरार आणि सामानाच्या गाडीची पावती जवळ असू द्या.

विमानाने येत असाल तर डॅलसला पिस्तूल जाहीर करून, कडक पेटीत, रिकामं, चेक-इन सामानात. पण थेट विमान घ्या. २००५ मध्ये यूटाचा एक माणूस पेनसिल्व्हेनियाला जाताना नेवार्कला विमान चुकल्यामुळे अडकला. बॅग त्याच्या हाती दिली गेली, तो ती घेऊन हॉटेलवर गेला, सकाळी परत येऊन प्रामाणिकपणे काउंटरवर पिस्तूल जाहीर केलं आणि पकडला गेला. फेडरल अपील कोर्टाने २०१० मध्ये म्हटलं की हॉटेलात बॅग त्याच्या हाताशी होती, म्हणून प्रवासाचं संरक्षण लागू नाही.

पोहोचल्यावर साठ दिवस. २०२२च्या कायद्याने नव्या रहिवाशाला साठ दिवसांत फायरआर्म्स पर्चेसर आयडेंटिफिकेशन कार्डासाठी (बंदूक घेण्याच्या ओळखपत्रासाठी) अर्ज करावा लागतो आणि बाहेरून आणलेल्या पिस्तुलाची नोंद करावी लागते. अर्ज ऑनलाइन, पण जातो तुमच्या गावच्या पोलिसांकडे. एडिसनचं स्वतःचं पोलिस खातं आहे. बोटांचे ठसे, ओळखणाऱ्या दोन माणसांचे संदर्भ, मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासायला संमती, शिवाय फी. ग्रीन कार्ड समोर घेऊनच बसा. किती वेळ लागेल ते गावागणिक बदलतं, म्हणून साठाव्या दिवसाची वाट न बघता पहिल्याच आठवड्यात अर्ज टाका आणि पोचपावती जपून ठेवा. पुढे नवं पिस्तूल घ्यायचं झालं तर दर पिस्तुलाला वेगळा परवाना लागतो आणि तीस दिवसांत एकच घेता येतं. टेक्सासला सुट्टीवर जाऊन तिथून पिस्तूल विकत आणू हेही विसरा. फेडरल कायद्याने डीलर फक्त स्वतःच्या राज्यातल्या रहिवाशाला पिस्तूल हातात देऊ शकतो.

कॅरी परवान्यासाठी इथे नव्याने अर्ज करावा लागतो. २०२२च्या जूनमधल्या सुप्रीम कोर्टाच्या ब्रुएन निकालानंतर 'सबळ कारण' दाखवण्याची अट गेली आणि सामान्य माणसालाही तो मिळू लागला. फी दोनशे डॉलर, चार जणांचे संदर्भ आणि नेमबाजीची चाचणी. कुठे कुठे नेता येत नाही याची यादी मात्र लांब आहे आणि कोर्टात सारखी हलत असते. मी स्वतः काढलेला नाही, मला त्याची गरज वाटली नाही.

ज्यांची बदली दुसरीकडे आहे त्यांनी न्यू जर्सीचे आकडे उचलू नयेत. कॅलिफोर्नियात साठ दिवसांत राज्याला कळवायचं, मेरीलँडमध्ये पिस्तुलाच्या नोंदीला नव्वद दिवस, हवाईत फक्त पाच. न्यू यॉर्कमध्ये तर पिस्तुलाला सवलतीचे दिवसच नाहीत, आधी परवाना मग पिस्तूल, आणि न्यू यॉर्क शहराचा परवाना आणखी वेगळा.

तुम्ही शेवटी विचारलंय की एवढी कटकट असेल तर पेनसिल्व्हेनियात, यार्डली-न्यूटाउनकडे घर घ्यावं का. बरेच मराठी लोक तिथून जर्सीत नोकरीला येतात. तिथे कार्ड नाही, दहा गोळ्यांची मर्यादा नाही, एआरवर राज्याची बंदी नाही. रायफल ठेवायचीच असेल तर हा खरा पर्याय आहे. पण मग रोज डेलावेअर नदी ओलांडण्याआधी गाडीत काही राहिलेलं नाही ना, हे बघायची सवय दोघांनाही लावून घ्यावी लागेल, आणि शाळा, मालमत्ता कर, आयकर हे हिशोब वेगळेच. निर्णय काहीही घ्या, टेक्सास सोडण्याआधी जर्सीतल्या बंदूक-कायद्याच्या वकिलाशी तासभर बोला आणि पहिल्याच वाक्यात सांगा की तुम्ही ग्रीन कार्डवर आहात.