‘ग्रीन एचआर’मध्ये करिअर आहे का?

प्रश्न : मी कोल्हापूरला एमबीए (एचआर) दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी ‘ग्रीन एचआरएम आणि कंपनीची पर्यावरणीय कामगिरी’ हा विषय घेतला आहे, म्हणजे प्रशिक्षण, मूल्यमापन, इन्सेन्टिव्ह अशा एचआरच्या कामांतून पर्यावरण जपणं. बाबा फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) सुपरवायझर आहेत. ते म्हणतात, ‘झाडं लावायला एमबीए कशाला?’ यात खरंच करिअर आहे का?

उत्तर : बाबांचा टोमणा अगदीच खोटा नाही. बऱ्याच कंपन्यांत एचआरचं ‘ग्रीन’ 5 जूनला, पर्यावरण दिनी, उगवतं आणि त्याच दिवशी मावळतं. रोपं, टोप्या, ग्रुप फोटो. वीजबिल जिथल्या तिथे.

पण बाबांना एक प्रश्न विचार : धातू वितळवणाऱ्या विजेच्या इंडक्शन भट्टीवर टनामागे विजेची किती युनिट लागतात? साधारण 500 ते 650 म्हणतील. झाकण उघडं राहिलं, वाळू चिकटलेला परतीचा माल (ओतकामातून उरलेले, पुन्हा वितळवायचे तुकडे) तसाच भट्टीत टाकला, साचे तयार नाहीत म्हणून वितळलेला धातू तापवत ठेवला, की आकडा चढतो. यातलं काहीही नवं मशीन न घेता थांबवता येतं. मग थांबत का नाही? कारण सुपरवायझरचा इन्सेन्टिव्ह फक्त टनांवर ठरतो, युनिटवर नाही. आणि इन्सेन्टिव्हची पद्धत ठरवताना एचआर त्या टेबलावर असतं, निदान असायला हवं.

तुझा विषय खरा इथे सुरू होतो. संशोधक डग्लस रेनविक आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये या विषयाचा आढावा घेताना तीन गोष्टींभोवती मांडणी केली : क्षमता, प्रेरणा, संधी. भट्टीवाल्याला नुकसान कुठे होतं ते शिकवलं, त्याच्या मूल्यमापनात ते धरलं, तरी ‘साचे तयार नाहीत, भट्टीत माल टाकणं थांबवा’ असं म्हणायचा अधिकार त्याला नसेल तर पुढे काही हलत नाही. माझ्या मते सगळ्यांत जास्त घोडं इथेच अडतं. ट्रेनिंग द्यायला सगळे तयार असतात, अधिकार द्यायला कोणी नसतं. 3एम कंपनीने 1975 मध्ये प्रदूषण मुळातच रोखण्याची योजना सुरू केली, तीच कर्मचाऱ्यांनी स्वतः प्रकल्प सुचवावेत या पायावर.

प्रोजेक्टबद्दल एक सांगते. या विषयावरचे बरेच अभ्यास प्रश्नावलीवर उभे आहेत : ‘आमची कंपनी पर्यावरणपूरक आहे’, 1 ते 5 गुण द्या. त्याच माणसाला एचआरबद्दलही विचारायचं आणि पर्यावरणाबद्दलही, मग दोन्हींचा संबंध जुळला तर नवल कसलं? तू मीटरचं रजिस्टर माग. ट्रेनिंगच्या किंवा इन्सेन्टिव्ह बदलाच्या आधीचे सहा महिने, नंतरचे सहा महिने, टनामागे युनिट. मधल्या काळात माल किंवा भट्टी बदलली असेल तर तेही नोंदव.

आता नोकरी. ‘ग्रीन एचआर मॅनेजर’ अशी जाहिरात शोधत बसू नकोस, क्वचितच दिसेल. कामाला मात्र मागणी आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार शेअर बाजारातल्या पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, सक्तीचा केला. त्यात वीज, पाणी, कचरा यांच्याबरोबर कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचीही माहिती द्यावी लागते. ती गोळा करताना एचआरवाल्याला प्लँट कळत नाही आणि प्लँटवाल्याला फॉर्म. दोन्ही समजणारा माणूस हवा असतो. त्यासाठी आयएसओ 14001 (पर्यावरण व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक) चा इंटरनल ऑडिटर कोर्स कर, आणि इंटर्नशिप हेड ऑफिसऐवजी प्लँटच्या एचआरमध्ये माग. शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहती घराजवळच आहेत, पुण्याला धावायची घाई नको.