मध्य प्रदेशात अपंगत्वाचं प्रमाण खरंच दोनच टक्के आहे का?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा, की इंदूरमधल्या तुमच्या मंडळाच्या सभागृहाला रॅम्प करायचा ठराव आला, तेव्हा कार्यकारिणीतल्या एका गृहस्थांनी मोबाईलवर २.१४ टक्के हा आकडा शोधून काढला आणि 'हजार सभासदांत वीसेक जणांसाठी एवढा खर्च कशाला?' म्हणून विषय अडवून धरला. आकडा खरा आहे का आणि तो असा लावता येतो का, हे तुम्हाला हवंय.

आकडा खरा आहे. २०११च्या जनगणनेत मध्य प्रदेशात साधारण साडेपंधरा लाख लोक अपंग म्हणून नोंदले गेले, लोकसंख्या होती ७ कोटी २६ लाख. भागून बघा, २.१४ येतात. देशाचा आकडा २ कोटी ६८ लाख, म्हणजे २.२१ टक्के. पुढची जनगणना २०२१ला व्हायची ती झाली नाही, म्हणून अजून हेच आकडे फिरताहेत. २०१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीतही २.२ टक्केच आले. तिकडे जागतिक आरोग्य संघटना मात्र सांगते की जगात दर सहा माणसांमागे एकाला ठळक अपंगत्व आहे, म्हणजे सोळा टक्के. आपण जगाच्या सातपट धडधाकट आहोत असं तुमच्या त्या गृहस्थांना वाटत असेल, तर त्यांनी एखाद्या सकाळी एम. वाय. हॉस्पिटलच्या ओपीडीतून चक्कर मारून यावं.

मी शाळामास्तर. २०११ला रामबागेकडचा एक भाग माझ्याकडे प्रगणक म्हणून होता, त्यामुळे हा आकडा तयार कसा होतो ते जवळून बघितलंय. फॉर्मवर नववा प्रश्न अपंगत्वाचा. 'ही व्यक्ती शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या अपंग आहे का?' हो म्हटलं तर पुढे आठ प्रकारांतून एक कोड भरायचा. विचारायचं कुठे, तर दारात उभं राहून, शेजारीण जिन्यावरून ऐकत असताना. आणि उत्तर देणार घरातला कर्ता, ज्याच्याबद्दल विचारतोय तो नव्हे. एका जुन्या वाड्यात मी हा प्रश्न विचारला तेव्हा आजी आतल्या खोलीतून भिंत चाचपत ओसरीवर येत होत्या. मुलगा म्हणाला, "छे हो, आमच्याकडे तसं कोणी नाही. आईचं काय, वयच झालंय." पुन्हा विचारून पाहिलं, उत्तर तेच. लोक सांगतील ते लिहायचं, वाद घालायचा नाही, म्हणून 'नाही' लिहिलं. दहावा प्रश्न मातृभाषेचा. त्याला मात्र आजींनीच उत्तर दिलं, "मराठी लिहा हं मास्तर, नाहीतर हिंदी लिहून मोकळे व्हाल!" इंदूरच्या मराठी घरांत या प्रश्नाला आतून माणसं बाहेर येतात. नवव्याला बाहेर आलेलीसुद्धा आत जातात.

लग्नाच्या वयाची मुलगी घरात असली की तर विचारूच नका. देशभरात पुरुषांत २.४१ आणि बायकांत २.०१ टक्के असा जो फरक दिसतो, त्यातला काही भाग खरा असेलही. पुरुष बाहेर जास्त हिंडतात, अपघात, यंत्रावरची कामं वगैरे. पण सगळाच फरक तसा आहे यावर माझा विश्वास नाही.

आता प्रश्नाची व्याख्या. २००१ला देशात दृष्टीचं अपंगत्व असलेले १ कोटी ६ लाख होते, २०११ला ५० लाख. त्याच दहा वर्षांत ऐकू न येणारे साडेबारा लाखांवरून ५० लाखांवर गेले. देशाचे डोळे निम्म्याने सुधारले आणि कान चौपट बिघडले, असं काही झालेलं नाही. २००१ला एकाच डोळ्याने दिसणाऱ्याची नोंद अपंगांत व्हायची, २०११ला ती बंद झाली. श्रवणयंत्र वापरणारा आधी अपंगांत धरत नव्हते, नंतर धरू लागले. फॉर्म बदलला, बस. मध्य प्रदेशचं प्रमाण २००१मधल्या २.३३वरून २.१४वर उतरलं, त्यावरून कुणी राज्याची पाठ थोपटत असेल तर त्यांना हे दाखवा. महाराष्ट्रात २.६४ आणि गुजरातेत १.८१ आहेत, तेही याच चाळणीतून आलेले.

बाहेरच्या बऱ्याच देशांत 'अपंग' हा शब्द प्रश्नात वापरतच नाहीत. चष्मा लावूनही दिसायला अडचण येते का, यंत्र लावूनही ऐकायला येते का, चालायला, जिना चढायला, लक्षात ठेवायला, स्वतःची आंघोळ-कपडे करायला, बोललेलं समजायला-समजवायला, असं विचारतात. उत्तरं चार: नाही, थोडी, बरीच, जमतच नाही. यात रेघ कुठे मारता त्यावर सगळं आहे. ब्राझीलने २०१०ला 'थोडी'वाल्यांनाही धरलं तर जवळपास २४ टक्के आले. पुढे फक्त 'बरीच' आणि 'जमतच नाही' धरून तीच माहिती पुन्हा मोजली, तर ६.७. माणसं तीच, उत्तरं तीच.

सरकारी योजनांसाठी आपल्याकडे तिसरीच रेघ आहे. २०१६च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आले (१९९५च्या कायद्यात सातच होते), आणि आरक्षणासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. २०१८च्या पाहणीत ज्यांची अपंग म्हणून नोंद झाली, त्यांतल्या २९ टक्क्यांच्या आसपास लोकांकडेच दाखला होता. तेव्हा उद्या कोणी 'दाखलेवाले सभासद मोजू' म्हणाला, तर दोन टक्केही उरणार नाहीत.

तुमच्या हॉलचं बोलायचं तर राज्याची सरासरी तिथे लावण्यात अर्थच नाही. राज्याच्या सरासरीत शाळकरी पोरं आहेत, कॉलेजातली आहेत, ती तुमच्याकडे येतात कुठे? दिवाळी पहाटेला किंवा व्याख्यानमालेला खुर्च्यांवर कोण बसलेलं असतं ते आठवा. देशभरातल्या साठीपुढच्यांत २०११च्या त्याच कंजूष मोजणीनेही प्रमाण ५.१८ टक्के होतं. शिवाय गुडघ्यांचं ऑपरेशन झालेले, काठी धरलेले, कंबर धरून चढणारे, यांतलं कोणीही स्वतःला अपंग म्हणवून घेणार नाही. आणि जे तीन पायऱ्यांच्या धास्तीने यायचेच बंद झाले, ते हजेरीच्या वहीत सापडायचे नाहीत. ते शोधायचे असतील तर वर्गणी घ्यायला घरी जाता तेव्हा विचारा. 'अपंग आहे का' विचारू नका, 'आमच्या हॉलच्या पायऱ्या चढायला अडचण होते का' एवढंच विचारा. उत्तर भडाभडा मिळेल.

खर्चाला मंजुरी मिळाली तर एक काळजी घ्या. उताराला एकास बारा हे माप पाळायला सांगा, म्हणजे दीड फूट उंचीला अठरा फूट लांबी. कंत्राटदार जागा नाही म्हणून आठ फुटांत उरकायला बघतो, आणि मग त्या घसरगुंडीवरून व्हीलचेअर ढकलायला दोन माणसं लागतात. जागा कमी असेल तर रॅम्प मध्ये सपाट जागा सोडून वळवून घ्या, दोन्ही बाजूंना कठडा लावा. आणि फरशी गुळगुळीत नको, इंदूरच्या पावसात तिथे धडधाकटसुद्धा आपटतील.