एका पालकांनी विचारलंय: मुलगी 12 वर्षांची आहे. गाण्याच्या रिॲलिटी शोच्या ऑडिशनला न्यावं का? तिथे खरंच फसवतात का?

आम्ही ग्वाल्हेरचे, तिथल्या लष्कर भागात घर. बाबांनी 30 वर्षं घरी गाणं शिकवलं. धाकटी बहीण एका मोठ्या शोमध्ये परीक्षकांसमोर जायची होती (त्याआधीच्या दोन-तीन चाळण्या टीव्हीवर दिसत नाहीत), तेव्हा मुंबईहून चार जण घरी शूटिंगला आले. आधी स्कूटर दारातून हलवायला लावली. मग माळ्यावरून आईचं शिवणयंत्र उतरवलं, वर्षानुवर्षं बंद पडलेलं. बाबांना दोन तास एकच धोशा: अडचणी सांगा, पैशांचं सांगा. शेवटी बाबा म्हणाले, "माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी पोरांकडे फी द्यायला पैसे नसतात, त्यांनाही मी शिकवतो."

टीव्हीवर आलं, "फी द्यायला पैसे नसतात." लगेच बाबा चष्मा पुसताना, मागे सारंगी. चष्मा पुसला होता तो लाइटच्या उकाड्याने.

दोन दिवसांनी बाड्यावर (ग्वाल्हेरचा बाजाराचा चौक) एका जुन्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी बाबांच्या पिशवीत गुपचूप पाकीट सरकवलं. जन्मभर गरीब पोरांना फुकट शिकवलेल्या माणसाच्या पिशवीत!

कौतुकाचंही तेच. 2021 मध्ये 'इंडियन आयडल'च्या किशोरकुमार विशेष भागानंतर खुद्द त्यांचे चिरंजीव अमितकुमार म्हणाले होते की सगळ्यांची स्तुती करायची, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. तेव्हा परीक्षक डोळे पुसतात म्हणून मुलगी गाण्यात तयार झाली असं समजू नका.

मुलगी 14 च्या आतली आहे, तर दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. मानधनाचे किमान 20 टक्के तिच्या नावावर मुदत ठेवीत जायला हवेत. हे सगळं सहीच्या आधी लेखी मागा. आणि घरी कॅमेरा आला की पैशांबद्दल एक अक्षर काढू नका; वाक्यातला हवा तेवढाच तुकडा उचलतात.

आमचा अनुभव एकाच शोचा, हेही खरं. माइकवर गायची सवय बहिणीला तिथेच लागली, पुढे कार्यक्रम मिळाले, तिला पस्तावा नाही. पण दादा अजून म्हणतो, "थोडी गरिबी दाखवली तर काय बिघडलं? नाव तर झालं." दादा हे वाचेलच. ते पाकीट परत द्यायला बाबांबरोबर मी गेलो होतो, तू नव्हतास.