‘अटकेपार’मधली अटक कोणती?

प्रश्न असा आला आहे: ‘अटकेपार’ जोडून लिहावे की तोडून, आणि यातली अटक पोलिसांचीच का?

जोडूनच, ‘पार’ हे शब्दयोगी अव्यय. आणि पोलिसांचा इथे काही संबंध नाही. शेजारच्या तालुक्यात वक्तृत्वाचे बक्षीस मिळाले तरी बातमीत ‘अटकेपार झेंडा’ लागतो, त्याची मला मनापासून चीड येते. अटक कुठे आहे ते नकाशात एकदा बघा तरी! आजच्या पाकिस्तानात, सिंधूचा डावा काठ, काबूल नदी येऊन मिळते तिथून जरा खाली.

काबूलकडची वाट रोखायला अकबराने १५८१ मध्ये इथे किल्ल्याचा पाया घातला. नाव ठेवले ‘अटक बनारस’. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल म्हणतो, राज्याच्या दुसऱ्या टोकाला ओडिशात ‘कटक बनारस’ होते, त्याला जोड म्हणून. अटक ते कटक! एका यमकात सगळी बादशाही.

हिंदूंना सिंधू ओलांडायची मनाई म्हणून ‘अटक’, असे काही अभ्यासक छातीठोकपणे लिहितात. मग अकबराचा सरदार मानसिंग रजपूत फौज घेऊन काबूलला गेला कसा, हेही त्यांनी लिहावे. अडवते ती नदीच. काळ्या खडकांच्या चिंचोळ्या घळीत पाणी शिरते. कमालिया आणि जलालिया या दोन खडकांपाशी भोवरे, नावा आपटून फुटायच्या. हिवाळ्यात पाणी उतरले की नावांचा पूल बांधत.

म्हणून माझे ठाम मत: ‘अटकेपार’मधली अटक म्हणजे किल्ला नव्हे, नदी. त्या टापूत सिंधूलाच अटक म्हणत. जुन्या इंग्रजी लिखाणातही ‘अटक नदी’ सापडते. नाशिकचे नाशकात होते, पैठणचे पैठणात. तसे हे नुसते गाव असते तर ‘अटकापार’ झाले असते. ‘अटके’ हे स्त्रीलिंगी रूप नदीचे. कैदेची अटकही स्त्रीलिंगीच, असे कोणी म्हणेल. कबूल, पण ‘पार’चे काय? पार म्हणजे पैलतीर. किल्ला सर करतात, पार करतात ती नदी.

आणि किल्ला तर आपल्या बाजूच्या काठावर! १७५८ मध्ये राघोबादादा लाहोरला पोचले आणि मराठी फौजा पुढे अटकेवर गेल्या, तेव्हा त्यांना आधी लागला तो किल्ल्याचा तट. तो हाती आला तरी माणूस अलीकडेच. पार व्हायचे तर पाण्यात नाव घालावीच लागणार.