‘सावकाश होऊ द्या’ म्हणजे ‘हळू खा’ का?

लग्नाच्या पंगतीत यजमान हात जोडून ‘सावकाश होऊ द्या’ म्हणाले, आणि आपण फार भराभर जेवतोय की काय असं वाटून ओशाळायला झालं, असं तुम्ही लिहिलंय. अजिबात ओशाळू नका. तुमच्या जेवण्याच्या वेगाबद्दल ते काहीच बोलले नव्हते.

शब्द फोडून बघा: स + अवकाश. तुमची भाषा हिंदी, म्हणजे अवकाश म्हटलं की तुम्हाला सुट्टी आठवणार. मराठीत अवकाश म्हणजे मोकळी जागा, म्हणून अवकाशयान. आणि मोकळा वेळसुद्धा. ‘गाडीला अजून अवकाश आहे’ म्हणजे गाडी यायला वेळ आहे. सावकाश म्हणजे असा वेळ हाताशी ठेवून. मागे दुसरी पंगत ताटकळत उभी असली तरी यजमान हे म्हणतातच. तुमच्यासाठी कुणी खोळंबलेलं नाही, हवं ते मागून घ्या, असा त्याचा अर्थ.

‘हळू’चं तसं नाही. हळूला वेग कळतो, आवाज कळतो आणि जपणंही कळतं. ‘हळू बोल, बाळ झोपलंय’ म्हणजे आवाज कमी कर. ‘हळू ठेव’ म्हणजे आपटू नकोस. ‘पंखा हळू कर’ म्हटलं तर पंख्याचा वेग कमी करायचा. पण ‘काम सावकाश कर’ म्हणजे तुला जमेल तेव्हा, सवडीने कर. इंटरनेट हळू चालतं, सावकाश कधीच चालत नाही. सवड माणसाला असते, यंत्राला नाही.

हा फरक मला घरीच नीट समजला. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि बोलणं अडखळायला लागलं. शब्द एकात एक अडकायचे. आम्ही सगळे ‘हळू बोला, बाबा, हळू’ म्हणत राहायचो, आणि त्यांचा आवाज खाली खाली जात कुजबुजीवर यायचा. मग एकदा आत्या आली. ती त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, ‘दादा, सावकाश सांग. मला कुठं जायचंय?’ त्या दुपारी बाबांनी एक अख्खं वाक्य पुरं केलं. चहात साखर कमी पडली होती, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

रस्त्यावरच्या पाट्यांवर मात्र दोन्ही शब्द एकमेकांजवळ येतात. ‘वाहने सावकाश हाका’ ही पाटी तुम्ही पाहिली असेल. इथे वेग कमी करा असंच म्हणायचंय, तरी मला ती ‘वेग कमी करा’पेक्षा आवडते. त्यातलं ‘हाका’ हे क्रियापद बैलगाडीचं आहे, आणि मोटारी आल्यावरही ते टिकून राहिलं. निरोप देताना दारात म्हणतात ते ‘सावकाश जा’ही याच घरातलं: पोचायची घाई करू नका, नीट जा.

कोल्हापूर-साताऱ्याकडे ‘सावकाश’च्या जागी ‘दमानं’ ऐकू येईल. त्यात दम म्हणजे श्वास, दम घेत घेत करायचं. कोकणीत ‘सवकास’ आहे आणि कन्नडमध्येही ‘सावकाश’ आहे, त्यामुळे तुम्ही गोव्याला किंवा बेळगावला गेलात तरी हा शब्द तुमची साथ सोडणार नाही.

एका ठिकाणी जपा. किराणा दुकानदाराने सुट्टे नसताना ‘राहू द्या, सावकाश द्या’ म्हटलं तर नाणी एकेक करून मोजत बसू नका. पुढच्या फेरीला दिले तरी चालतील, असं तो सांगतोय. आणि पंगतीत पुन्हा कुणी ‘सावकाश होऊ द्या’ म्हटलं, तर ‘हो हो, चाललंय’ म्हणा आणि वाढप्याला जिलबी वाढू द्या.