एमडी-पीएचडीला नकार आला, आता पुढे?

प्रश्न : आम्ही अमेरिकेत राहतो, मुलगी इथलीच नागरिक आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तिने १६ ठिकाणी एमडी-पीएचडीसाठी, म्हणजे डॉक्टरकी आणि संशोधनातली पीएचडी एकत्र देणाऱ्या अभ्यासक्रमासाठी, अर्ज केले. दोन मुलाखती झाल्या, एका ठिकाणी वेटिंग लिस्टवर नाव होतं, पण शेवटी सगळीकडून नकार आला. एमकॅट (इथली मेडिकल प्रवेश परीक्षा) ५१७ आहे. परीक्षा पुन्हा देऊन या जूनमध्येच अर्ज करावा, की सरळ एमडीला (इथली डॉक्टरकीची मूळ पदवी) जावं?

उत्तर : एमकॅट आधी डोक्यातून काढा. या अभ्यासक्रमांत प्रवेश मिळणाऱ्यांची सरासरीच ५१६ च्या आसपास असते. आणखी तीन गुणांसाठी उन्हाळा घालवला तर तेवढे दिवस प्रयोगशाळेचे बुडतात, आणि गुण घसरले तर तेही कॉलेजांना दिसतात.

१६ अर्जांत दोनच मुलाखती म्हणजे अडचण बहुधा कागदावर आहे, आणि माझ्या मते ती संशोधनाच्या भागात. एमडीच्या अर्जाशिवाय इथे दोन निबंध जास्तीचे असतात : एक 'दोन्ही पदव्या कशाला' हा, ३,००० अक्षरांचा; दुसरा संशोधनाच्या अनुभवावर, तब्बल १०,००० अक्षरांचा. या दुसऱ्यात मुलं सहसा केलेल्या कामांची यादी देतात. निवड समितीला वाचायचं असतं ते वेगळंच : प्रश्न काय होता, तो याच पद्धतीने का सोडवायला घेतला, निकाल उलटा आला तेव्हा हिने स्वतः काय ठरवलं. सुट्टीत आठ-दहा आठवडे एका लॅबमध्ये, मग दुसरीत, अशा कामातून हे लिहायला फारसं काही हाती लागत नाही. तिथल्या प्राध्यापकाचं शिफारसपत्रही मग 'हुशार, मेहनती' यापुढे जात नाही. साधारण आठ वर्षांची जागा तेवढ्यावर कोण देईल?

म्हणून या जूनमध्ये अर्ज नको. नकार वसंतात कळतो आणि नवे अर्ज जूनपासून जातात. मधल्या दोन महिन्यांत अर्जात बदलण्यासारखं काय घडणार? पुन्हा अर्ज करणाऱ्याला बरीच कॉलेजं थेट विचारतात की गेल्या वेळेपासून काय बदललं. तिने पूर्ण वेळ रिसर्च टेक्निशियनची नोकरी धरावी, एकाच लॅबमध्ये, शक्यतो दोन वर्षं, आणि एका वर्षानंतर अर्ज करावा. तोवर त्या प्राध्यापकाकडे तिच्याबद्दल लिहिण्याजोगं काहीतरी असेल. शोधनिबंधात नाव आलं तर उत्तमच, पण त्यासाठी थांबून राहू नये.

जिथे मुलाखत झाली तिथे नम्र ईमेल करून कुठे कमी पडलो ते विचारावं. सगळे उत्तर देत नाहीत, काही देतात. ईमेल तिनेच करायचा, तुम्ही नाही. हे सांगावं लागतं, कारण पालक लिहितात.

यादीही बघा. एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या एमएसटीपी अनुदानावर (एमडी-पीएचडीसाठीचं अनुदान) चालणारे अभ्यासक्रम पन्नासच्या वर आहेत, आणि त्या अनुदानाशिवाय चालणारेही आहेत. फक्त नावाजलेलीच विद्यापीठं भरली असतील तर यादी रुंदावा.

राहिला एमडीचा प्रश्न. नुसत्या एमडीनंतरही संशोधन करता येतं, अनेक डॉक्टर करतात. एमएसटीपीत शिक्षण शुल्क भरावं लागत नाही, शिवाय विद्यावेतन मिळतं, म्हणून घरच्यांना तो फायद्याचा वाटतो. पण एमडी झालेला वर्गमित्र कमवायला लागतो तेव्हा ही अजून शिकत असते. तेव्हा पैशांचं गणित बाजूला ठेवून तिला विचारा : पीएचडी मिळालीच नाही तर डॉक्टर व्हायला आवडेल का? 'हो' म्हणाली, तर पुढच्या खेपेला नुसत्या एमडीचे अर्जही सोबत करू द्या. एमडी-पीएचडी नाकारल्यावर काही कॉलेजं तोच अर्ज एमडीसाठी विचारात घेतात, काही घेत नाहीत. ते प्रत्येक ठिकाणी आधी विचारून घ्यावं.