कायदेविषयक प्रश्नोत्तरे : मृत्युपत्रावरचा अंगठा आणि हक्कसोडीची सही

प्रश्न : वडील दिवाळीनंतर वारले. लातूर जिल्ह्यात त्यांच्या नावे आठ एकर शेत आहे. आम्ही भाऊ-बहीण दोघेच. सगळी जमीन भावाला देणारे, नोंदणी नसलेले मृत्युपत्र आता पुढे आले आहे. वडील पोस्टाच्या पासबुकावर नेहमी सही करत, त्यावर मात्र अंगठा आहे. भाऊ हक्कसोड पत्रावर सही मागतो. आई त्याच्याजवळ राहते. मी काय करावे?
— एक वाचक भगिनी, रेणापूर तालुका

उत्तर : ताई, जमीन वडिलांकडे कशी आली हे कळेपर्यंत सही करू नका. मृत्युपत्राने आठही एकर निर्विवाद भावाचे झाले असते, तर त्यांना तुमच्या हक्कसोडीची गरजच पडली नसती.

तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुने फेरफार आणि १९५४-५५ चे खासरा पत्रक (जमिनीच्या जुन्या नोंदींचा तक्ता) यांच्या नकला काढा. मराठवाड्यातल्या जमिनीचा माग बहुधा तिथेच लागतो. जमीन एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित निघाली, तर हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीमुळे, लग्न झालेले असले तरी, तुम्ही जन्माने सहहिस्सेदार आहात. वडील, आई, भाऊ आणि तुम्ही असे चार समान हिस्से पडतात आणि वडिलांना मृत्युपत्राने देता येतात ते केवळ स्वतःच्या हिश्शाचे दोन एकर. मात्र आजोबांची स्वकष्टार्जित जमीन १९५६ नंतर वारसाने वडिलांकडे आली असेल, तर ती त्यांची स्वतंत्र मालमत्ता ठरते आणि तिचे मृत्युपत्र त्यांना पूर्णपणे करता येते. आजोबांची म्हणजे वडिलोपार्जितच, हा समज तिथे टिकत नाही.

नोंदणी नाही एवढ्यावरून मृत्युपत्र रद्द होत नाही. अंगठाही कायद्याला चालतो. पण किमान दोन साक्षीदारांनी वडिलांच्या समक्ष सह्या केलेल्या असाव्या लागतात आणि वाद झाल्यास मृत्युपत्र खरे असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी भावावर राहते. सही करणाऱ्या माणसाने अंगठा का दिला, याचा खुलासा त्यांनाच करावा लागेल. पासबुक जपून ठेवा. तलाठ्याकडून फेरफाराची नोटीस आली, तर १५ दिवसांच्या आत लेखी हरकत देऊन पोच घ्या.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार आईच्या पालनपोषणाची जबाबदारी भावाइतकीच तुमचीही आहे. तिचा हिस्सा आधी सातबाऱ्यावर तिच्या नावे लागू द्या. पुढे तिने तो कोणाला बक्षीसपत्राने दिलाच, तर तिला सांभाळण्याची अट त्या दस्तातच लिहून घ्या. म्हणजे अट मोडल्यास उपविभागीय अधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे दाद मागून तिला तो दस्त रद्द करून घेता येईल.